घडीची फटफटी आणि बिनपिठाचे खिसे

लिंकनशायर, ६ मार्च १९४४

प्रिय ग्लॅडिस,

पत्र घरी न पाठवता बर्मिंगहॅमला तुझ्या भाड्याच्या खोलीवर पाठवतोय, यावरूनच तुला वास यायला हवा. वाचून झालं की जाळून टाक. आईच्या हाती लागलं तर मला मारायला जर्मनांची गरज उरणार नाही.

तर ऐक. मी लष्कराच्या बेकरीत नाही. म्हणजे होतो, आठवडाभर. भरतीच्या कारकुनाने विचारलं, बाप काय करायचा? म्हटलं, बेकरी. झालं! गाढवाने मला नेऊन पिठाच्या गोणीशेजारी उभं केलं. ज्या पिठापासून पळायला मी सैन्यात आलो, ते माझ्या आधी तिथे हजर. पुढच्याच आठवड्यात, विमानातून उडी मारायला माणसं हवीत, अशी सूचना भिंतीवर लागली. सगळ्यात आधी हात माझा वर. पिठापासून इतक्या उंचीवर नेणारी दुसरी नोकरी दिसत नव्हती.

आईला कळवायचं राहूनच गेलं. बेकरीत लागलो असं लिहिल्यावर तिचं काय उत्तर आलं ते तू वाचलंयस. ‘आज तुझे बाबा असायला हवे होते.’ आता यावर काय लिहू मी? ‘आई, पीठ सोडलं, हल्ली ढगातून खाली पडतो’?

असो. खरी गंमत पुढेच आहे. काल आम्हाला वाहन मिळालं. मी मनात जीप धरून बसलेलो. सार्जंट पिल्बीमने विमानातून खाली टाकायचं एक लांबट नळकांडं उघडलं आणि त्यातून घडी घातलेली फटफटी बाहेर काढली. खरंच घडी! हँडल दुमडलेलं, सीट खाली दाबलेली, पाय ठेवायचे दांडेही आत घेतलेले. उलगडून बसलो तर गुडघे कानाला लागले. दिवा नाही. स्प्रिंग नावाला नाही, त्यामुळे वाटेतला प्रत्येक दगड पाठीच्या मणक्याला स्वतःची ओळख करून देतो. पेट्रोलची टाकी खाली आणि इंजिन वर, म्हणून आधी हातपंप मारून पेट्रोल वर चढवायचं. मग चालू कशी करायची? किक नाही. ढकलत पळायचं, सुरू झाली की उडी मारून बसायचं. आणि हे सगळं समोरून गोळ्या येत असताना. पिल्बीम म्हणतो, सराव झाला की दहा-बारा सेकंदांत होतं. त्याला कोण गोळ्या घालतंय?

ज्या कुणी हे बाळ जन्माला घातलं ना, त्याला एकदा यावर बसवून शेतातून फिरवायला हवं.

तुझा,
विल्फ

ता. क. धुवायचे कपडे आईला पाठवलेत, नेहमीसारखे. लष्कराचा धोबी बटणं चावून खातो.


बर्मिंगहॅम, १२ मार्च

गाढवा,

ते बाळ मी जोडते.

होय, मी, तुझी सख्खी बहीण. आईला ‘सायकलच्या कारखान्यात आहे’ म्हणून सांगितलंय ते यासाठीच. आम्हालाही तोंड बंद ठेवायला सांगितलेलं आहे. एका रांगेत आम्ही आठ बायका बसतो, सीटचा दांडा आणि हँडल माझ्याकडे असतं. तेव्हा तुझे गुडघे कानाला लागत असतील तर कान वर घे. त्या नळकांड्यात मावेल एवढी फटफटी हवी होती. नळकांडं आधी ठरलं, माणूस नंतर. तुझ्यासारखा ताडमाड उंट वर बसेल, हे कुणी धरलंच नव्हतं.

आता नीट वाच. पंप आधी मारायचा, आणि पुरेसा मारायचा. कंटाळून अर्ध्यात सोडलास तर मैलभर ढकलत पळशील आणि शिव्या मला देशील. हँडलची कळ खटकन बसली का ते हाताने हलवून बघ. खटकन आवाज आला नाही तर चालत्या गाडीवर हँडल मांडीत येतं. मी जोडलेल्या प्रत्येक गाडीच्या सीटखाली माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो. फोरमनने पाहिलं तर माझं काही खरं नाही. तुझ्या वाट्याला ठिपकेवाली आली तर ती नक्की चालेल, मग तू कितीही बावळट असलास तरी.

विमानाचं वाचून मी ते पत्र हातात घेऊन जिन्यात बसून राहिले. मला काय वाटलं ते लिहीत नाही. शिव्या लिहायला जागा पुरणार नाही.

रविवारी घरी गेले होते. तुझ्या बेकरीचं सगळ्या गल्लीला माहीत झालंय. हॅकेटबाई पाव घ्यायला आल्या की आई गिऱ्हाइकांची रांग थांबवून सांगते, ‘आमचा विल्फ्रेड एकावेळी चारशे माणसांचा पाव काढतो.’ विल्फ, तिला सांगून टाक. जितका उशीर करशील तितका हा पाव फुगत जाईल.

ग्लॅडिस


क्रेडली हीथ, २ एप्रिल

प्रिय विल्फ्रेड,

कपड्यांचं बोचकं मिळालं. धुतले, इस्त्री केली, बटणं लावली. शर्टात केक गुंडाळलाय, त्यावर बसू नकोस. अंडी हॅकेटबाईंच्या कोंबडीची आहेत, तिला आभाराचं लिही. म्हणजे बाईला, कोंबडीला नाही.

पँट गुडघ्यात फाटली होती. बेकरीत गुडघ्यावर बसून कुठलं काम करतात, ते तुझे बाबा मला कधी बोलले नाहीत. पेट्रोलचाही वास होता. लष्कराच्या भट्ट्या पेट्रोलवर चालतात का? आणि चारशे माणसांच्या पावाला यीस्ट किती घालता, ते लिही. इथे सरकारी पीठ इतकं करडं येतं की पाव कापला की आत धुकं दिसतं. तुमच्याकडची काही युक्ती असली तर कळव.

रंगाऱ्याला बोलावलंय. दुकानाची पाटी नवी करतेय.

आई


लिंकनशायर, ९ एप्रिल

प्रिय आई,

केक पोचला. सार्जंट पिल्बीम अर्धा खाऊन गेला आणि जाताना हसला. तो हसतो हे आम्हाला आजच कळलं.

होय, भट्ट्या पेट्रोलवरच्या आहेत. अगदी नवीन पद्धत. गुडघ्यावर बसावं लागतं कारण भट्टीचं तोंड जमिनीलगत असतं. यीस्ट एक बादली घालतो. म्हणजे साधारण एक बादली, माणसं भुकेली असली तर थोडं जास्त. पीठ दहा मिनिटांत फुगतं, मग लगेच भट्टीत. साहेब माझ्या पावावर खूश आहेत. काळजी करू नकोस, इथे भाजण्यापलीकडे धोका नाही.

पाटी कशाला नवी करतेस? जुनी चांगली होती की.

तुझा,
विल्फ्रेड


बर्मिंगहॅम, १७ एप्रिल

विल्फ,

एक बादली? एक बादली यीस्ट? अरे, त्यात चारशे माणसं नाही, अख्खी छावणी फुगून वर जाईल. विमानाची गरज नाही. बापाच्या दुकानात इतकी वर्षं काढलीस ती काय खिडकीतून पोरी बघत?

काल घरी गेले होते. आईने ते पत्र माझ्यासमोर काउंटरवर उभं राहून वाचलं. मग भट्टीमागे गेली आणि एप्रन तोंडाला लावून उभी राहिली. खांदे हलत होते. बिचारीला आनंदाने रडू आलं असेल. मला तिच्याकडे बघवेना.

आणि पाटी लागली. जुनी ‘ट्रँटर, बेकर’ होती ती उतरवली. आता हिरव्यावर सोनेरी अक्षरांत आहे: ‘ट्रँटर आणि चिरंजीव’. चिरंजीव म्हणजे तू, उंटा. कळवून टाक तिला. हात जोडते.

ग्लॅडिस


लिंकनशायर, २५ जून

प्रिय ग्लॅडिस,

कळवणार होतो. दोनदा कागद घेतला. ‘प्रिय आई’ पर्यंत छान जमतं, पुढे सोनेरी अक्षरं डोळ्यांसमोर येतात आणि मी पुन्हा पाव भाजायला लागतो. गेल्या पत्रात मी मनुक्यांचा पाव काढला. शोध माझाच.

परवा सराव झाला. फटफट्या वरून टाकल्या, मागून आम्ही. त्या आमच्यापेक्षा शहाण्यासारख्या उतरल्या. माझी सलगमच्या शेतात सापडली. उघडली, उलगडली, खटका बसला, हँडल हलवून पाहिलं, तुझी आठवण काढली आणि पंप मारायला विसरलो. सगळं शेत ढकलत पळालो. कुंपणापाशी एक म्हातारा शेतकरी पाइप ओढत बघत होता. म्हणाला, ‘पोरा, हिला उचलून घे, लवकर पोचशील.’

मग पंप मारला आणि काय सांगू, पळाली! शिवणयंत्राला भूत लागल्यासारखा आवाज करते, पण पळते. आमचे एक बडे साहेब, नाव नाही लिहीत, ‘मला बघू द्या’ म्हणून बसले. ब्रेक फक्त मागच्या चाकाला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बदकांच्या तळ्यातून बाहेर आले तेव्हा टोपी बदकाकडे होती. आम्ही सगळे सॅल्यूट करून उभे. हसायचं नाही असा हुकूम त्या दिवशी कसा पाळला ते आमचं आम्हाला माहीत.

खरं सांगू? ती मला आवडायला लागलीय. आपल्या घरातल्या माणसांसारखीच आहे. बुटकी, चिडकी, आधी पंप मारावा लागतो.

कपडे पाठवलेत. गुडघे पुन्हा गेलेत.

विल्फ


लिंकनशायर, १४ सप्टेंबर

ग्लॅडिस,

घाईत आहे. आता छावणीचे दरवाजे बंद होतील, मग पत्र जाणार नाही. कुठे, कधी, विचारू नकोस.

मी घाबरलोय. एवढंच एक खरं लिहितो, बाकी पत्रभर थट्टा केली असं समज. परत आलो तर आईला स्वतः सांगेन, काउंटरसमोर उभं राहून, हॅकेटबाईंच्या देखत. नाही आलो तर तू सांग. पण असं सांग की तिला पाटी उतरवावीशी वाटणार नाही.

पंप आधी. लक्षात आहे.

विल्फ


बर्मिंगहॅम, ८ ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

कुठल्या पत्त्यावर लिहू? जुन्याच पत्त्यावर पाठवते, पुढे काय व्हायचं ते होवो.

तार आली. ‘बेपत्ता.’ तारवाला पोस्टाच्या सायकलवरून गल्लीत शिरला तशी सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. आपल्याकडे येऊ नये म्हणून. तो आपल्या दुकानापाशी उतरला. आईने तार वाचली, घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि भट्टीकडे गेली. पाव जळत होते म्हणे.

रविवारी मी पोचले तेव्हा ठरवूनच गेले होते की सगळं सांगायचं. म्हटलं, ‘आई, विल्फबद्दल एक गोष्ट आहे.’ तिने पिठाचा हात वर केला. ‘काही सांगू नकोस. बेकरीवालेही हरवतात.’ आणि मळत राहिली. मग मीच रडले, मोठ्याने, लहान पोरीसारखी, आणि तिने मला तिथल्या स्टुलावर बसवून समोर पिठाचा गोळा टाकला. ‘रडायचं तर मळत रड,’ म्हणाली.

कारखान्यात आता रोज ठिपके लावते आणि प्रत्येक वेळी वाटतं, याऐवजी तुझ्यासाठी एखादी चिलखती गाडी जोडली असती तर. मूर्खा, कुठे आहेस? पत्र टाक. शिव्या घाल. फटफटीला नावं ठेव. मी एक शब्द उलट बोलणार नाही.

ग्लॅडिस


जर्मनी, युद्धकैद्यांची छावणी, ३ डिसेंबर १९४४

प्रिय आई,

मी जिवंत आहे. उजवा घोटा मोडला होता, आता वाकडा जुळलाय, पण चालतो. कागद एवढाच मिळतो आणि आमची पत्रं इथले साहेब वाचतात, म्हणून मुद्द्याचं लिहितो.

पकडल्यावर धंदा विचारला. मी सवयीने बेकरी सांगितलं. त्यामुळे मला खाणीत न पाठवता गावातल्या बेकरीत कामाला लावलंय. आमच्या छावणीचा पाव तिथूनच येतो. बेकरीचे मालक वयस्कर आहेत आणि माझ्याकडे फार बारकाईने बघतात.

आई, इथल्या पद्धती लष्कराच्या बेकरीपेक्षा वेगळ्या आहेत. तेव्हा आपल्या घरची पद्धत मला पहिल्यापासून लिहून पाठव. अगदी पहिल्यापासून. मला काहीच येत नाही असं समजून लिही. जितक्या लवकर पाठवशील तितकं बरं. इथून बदली झाली तर ती खाणीतच होईल.

ग्लॅडिसला सांग, मी आधी पंप मारला होता.

तुझा,
विल्फ्रेड


क्रेडली हीथ, ११ फेब्रुवारी १९४५

प्रिय विल्फ्रेड,

पत्र काल पोचलं. ग्लॅडिसला बोलावून घेतलं. ती वाचता वाचता हसायला लागली, मग रडायला लागली, तिचं काय ते तिलाच ठाऊक. मी कामाचं लिहिते.

आधी हात धू. नखांतसुद्धा.

पाणी कोपराला लागलं की ना गरम वाटावं ना गार. यीस्ट मूठभर, बादलीभर नाही. ती बादली लष्करात चालली असेल, माणसांच्या पोटात चालत नाही. यीस्टवर मीठ थेट टाकायचं नाही, ते मरतं. मीठ पिठात एका बाजूला घाल. मग मळ. हातांनी नाही, खांद्यांनी मळायचं असतं. दमलास की थांबू नकोस, तिथूनच खरं मळणं सुरू होतं. आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून बघ, पीठ तेवढं मऊ झालं की पुरे. मग ओलं फडकं टाकून बाजूला ठेव आणि दहा मिनिटांत फुगेल अशी आशा धरू नकोस. सारखा डोकावू नकोस. तुझ्यात तेवढा धीर कधीच नव्हता, आता आण. फुगलं की एकदा बुक्क्या मारून खाली बसव, आकार दे, पुन्हा फुगू दे. भाजल्यावर पाव उलटा करून बुडावर टकटक कर. पोकळ आवाज आला की झाला.

आता दुसरं. तुझ्या बाबांच्या पँटी मी सव्वीस वर्षं धुतल्या. बेकरीतल्या माणसाच्या खिशात, अगदी कोपऱ्यातल्या शिवणीत, पीठ असतं. कितीही झटकलं तरी असतं. ओलं झालं की त्याची लापशी होते आणि नखाने खरवडून काढावी लागते. तुझ्या त्या गुडघ्यात फाटलेल्या पँटचे खिसे मी उलटे केले. गवत होतं, माती होती, रेशमी दोरीचा एक तुकडा होता. पीठ नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. तुलाही नाही. तू मला काळजी वाटू नये म्हणून इतकी मेहनत घेत होतास, तुझी मेहनत वाया घालवणं जिवावर आलं. शिवाय ती पेट्रोलची भट्टी आणि मनुक्यांचा पाव वाचून मी भट्टीमागे जाऊन पोट धरून हसायची. तुझे बाबा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते.

ते खिसे उलटे केले त्याच आठवड्यात मी रंगाऱ्याला बोलावलं. दुकानावर ज्याचं नाव लिहिलंय त्याला यावंच लागतं. एवढं एकच माझ्या हातात होतं, ते मी केलं. तुला बेकरी नको असली तर नको. पाटी पुन्हा रंगवता येते. तू मात्र ये.

तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, पोरगा आळशी आहे, पण शिकेल.

आई


इंग्लंड, लष्करी रुग्णालय, १९ मे १९४५

प्रिय आई,

आता पत्र कुणी वाचत नाही, तेव्हा सगळं लिहितो.

मी विमानातून उडी मारायचो. तुला ठाऊकच आहे म्हणा, पण स्वतः सांगेन असं ग्लॅडिसला वचन दिलं होतं. हॅकेटबाईंच्या देखत पुन्हा सांगेन.

हॉलंडमध्ये उतरलो. नळकांडं सापडलं, उघडलं, पंप मारला, ढकलली, सुरू झाली. दोन दिवस मी तिच्यावरून निरोप पोचवत फिरलो. गोळ्या डोक्यावरून जायच्या, कारण इतक्या खाली कुणी माणूस बसला असेल असं जर्मनांना वाटेचना. ग्लॅडिसला सांग, नळकांड्याच्या मापाला मी आता नावं ठेवत नाही. सीटखाली तिचा लाल ठिपका मात्र नव्हता. ती दुसऱ्याच कुणा बाईने जोडलेली होती. रांगेतल्या सगळ्या जणींना सांगायला सांग की चालली.

शेवटी पेट्रोल संपलं. एका म्हाताऱ्या डच बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यात तिला लपवली आणि पायी निघालो. खड्ड्यात पडून घोटा मोडला तो तिथे, शत्रू जवळपासही नव्हता, पकडायला ते नंतर आले. हे हॅकेटबाईंना सांगायची गरज नाही. त्या डच बाईची एक कोंबडी मी निघतानाच फटफटीच्या सीटवर चढून बसली होती. तिला ती अगदी मापाची होती.

बेकरीचे म्हातारे, क्रूगर त्यांचं नाव, त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं. समोर पिठाचा गोळा टाकला, माझे हात बघितले, डोळे मिटले आणि मला सरपण फोडायला पाठवलं. तीन महिने मी लाकडं फोडली आणि त्यांनी वर कळवलं नाही. त्यांचा मुलगा रशियात बेपत्ता होता. मार्चमध्ये तुझं पत्र आलं, तेव्हा तिथे पळापळ सुरू झाली होती म्हणून साहेबांनी ते न उघडताच दिलं. मी त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये वाचून दाखवलं. कानाच्या पाळीपाशी त्यांनी मान डोलावली आणि बाजूला सरून मला मळायला जागा दिली. त्या रात्री छावणीत पाव गेला तो माझा होता. वर करपला होता, आत ओला होता, आणि एका पोराने तो हातात धरून बराच वेळ नुसता वास घेतला. मला तुझ्या दुकानाची आठवण आली.

बेकरी हवी की नको ते मला अजून माहीत नाही. पण रंगाऱ्याला एवढ्यात बोलावू नकोस.

मंगळवारी येतोय. कपड्यांचं बोचकं हातातच आणतो. क्रूगरांकडे काम करताना घातलेली पँट त्यात अगदी वर ठेवलीय. घाईघाईने पाण्यात टाकू नकोस, आई. आधी खिसे उलटे करून बघ.

तुझा,
विल्फ्रेड